सरसाचा सांधा

नागोराव ढवळे वर्कशॉपात शिरला की माणसं हातातलं काम पुन्हा एकदा तपासून बघायची. सदुसष्ट सालची गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. बोईसरच्या बाजूच्या खाणीतून दगड भरून ठेकेदाराचे ट्रक दिवसभर तिकडं जायचे, आणि त्या ट्रकांचा हेड फिटर म्हणजे हा परभणीकडचा उंच, काटकुळा माणूस. कुणी बोल्ट अर्धवट आवळला की याला कसं कोण जाणे, लांबूनच कळायचं, आणि एकदा कळलं की त्या गड्याची धडगत नसायची. शिवी तो देत नसे. हे काम केलंस की आमच्यावर उपकार केलेस, एवढंच विचारायचा, पण चारचौघांत असं विचारायचा की समोरच्याला दुपारचं जेवण जात नसे. पाठीमागं सगळे त्याला करवत म्हणायचे. म्हणोत बापडे. भरलेली गाडी खाणीच्या चढावर घालायची वेळ आली की हेच लोक आधी विचारून घ्यायचे, नागोरावांनी बघितली ना?

आता याच माणसाची घरातली तऱ्हा ऐका. भाकरी करपली तर म्हणायचा, छान खरपूस झाली. कालवणात मीठ नसलं तर आज बेताचं आहे म्हणून वाटी पुढं करायचा. बायको, गोजराबाई, कधी कधी वैतागून म्हणायची, अहो, एखाद्या दिवशी खरं बोललात तर जीभ झडंल का तुमची? तो नुसता हसायचा. त्याच्या बापाची जीभ अशीच तिखट होती आणि त्या जिभेपायी सगळी भावकी तुटली होती, बापाच्या मयताला खांदा द्यायला परकी माणसं बोलवावी लागली होती. ते नागोरावनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हापासून त्यानं ठरवून टाकलं होतं की लोखंडाला काय बोलायचं ते बोलू, पण आपल्या माणसाच्या हातच्या कामाला नाव म्हणून ठेवायचं नाही. चांगलंच ठरवलं होतं म्हणा. पण चांगलं ठरवलेलंसुद्धा माणसाला कुठं नेऊन घालतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

आपलं माणूस म्हणजे मुख्यतः पंढरी. एका गावचे, एका एसटीनं निघालेले, बोईसरला आल्यावर पहिलं वर्ष एका खोलीत, एका चुलीवर राहिलेले. पंढरी जातीचा सुतार, वयानं लहान, नागोरावला दादा म्हणायचा. हाताला असं वळण की एकदा बघितलेली वस्तू दुसऱ्या दिवशी करून दाखवायचा. नागोरावनं बिऱ्हाड वेगळं केलं तेव्हा पंढरीनं त्याला सागाच्या फळ्यांचा देव्हारा करून दिला. देवाच्या घराला लोखंड लावायचं नसतं, हे त्याच्या बापाचं शिकवणं, म्हणून एकही खिळा न मारता नुसत्या सरसानं चिकटवलेला. जनावराच्या कातड्याचा, हाडांचा तो सुतारी डिंक. त्यांच्या गावाकडं सरसानं जोडलेली पेटी नातवापर्यंत टिकते.

इकडं मात्र पहिल्याच पावसाळ्यात देव्हाऱ्याचे सांधे सुटले. गोजराबाईनं सुतळी बांधून देव सांभाळले. दसरा झाल्यावर पंढरी आला, ओशाळला, आणि नागोराव लगेच म्हणाला, "तुझ्या हाताला नाव ठेवायला जागा न्हाई रे, इकडच्या हवेनं लाकूड फुगतंय." पंढरीनं पुन्हा सरस लावला. दुसऱ्या वर्षी तेच झालं, तिसऱ्या वर्षीही तेच. दर वर्षी नागोराव लाकडावर ढकलायचा, पंढरी मान डोलवायचा आणि सरस लावून, जेवून जायचा.

मग पंढरीच्या डोक्यात फिल्टर शिरला. ट्रकच्या इंजिनात तेल फिरतं, त्यातली घाण अडवायला लोखंडी भांड्यात एक गोल पुंगळी बसवलेली असते. पूर्वी ती नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची असायची, धुऊन परत घालायची. पुढं कागदाची आली. पंख्यासारख्या घड्या घातलेला जाड कागद, मधे भोकांची पत्र्याची नळी आणि दोन्ही टोकांना पत्र्याची झाकणं. पाकिस्तानशी लढाई झाल्यापासून बाहेरचा माल आटला होता आणि कागदी फिल्टर मिळेनासे झाले होते. पंढरीनं एक जुना फिल्टर फोडून बघितला, नागोरावच्या हाताखालची वर्कशॉपातली नोकरी सोडली, पालघरला एक शेड घेतली आणि नवरा-बायको दोघं कामाला लागले. साखरबाई घड्या घालायची, हा पत्रा कापायचा. ठेकेदारानं पावसाळ्याचे फिल्टर त्याच्याकडून घेतले तर शेड उभी राहणार होती. नाही घेतले तर सगळंच बसणार होतं. आणि घ्यायचे की नाही हे कुणी ठरवायचं? नागोरावनं.

इंजिनिअर सबनीस साहेब सरळ माणूस. त्यांनी नागोरावला स्पष्ट सांगितलं की पंढरी तुझा माणूस आहे हे मला ठाऊक आहे, तरी तपासणी तूच कर, कारण तुझ्याइतकं कठोर माझ्याकडं दुसरं कुणी नाही. वैशाखातल्या एका दुपारी नागोरावनं बाकावर दोन फिल्टर ठेवले, एक बाहेरच्या कंपनीचा शिल्लक राहिलेला आणि एक पंढरीचा. पंढरीनं निवडून दिलेला नव्हे. खोक्याच्या तळातून, पंढरी बघत असताना, त्यानं स्वतःच्या हातानं काढलेला.

दोन्ही करवतीनं उभे कापले. कंपनीच्या नळीच्या भोकांना आतून पत्र्याच्या बारीक कुसळ्या राहिल्या होत्या, पंढरीची भोकं आतून घासलेली. कंपनीच्या घड्या एका बाजूला दाट, दुसरीकडं विरळ. साखरबाईच्या घड्या सगळीकडं सारख्या, बोट फिरवलं तरी कुठं अडेना. कागदाच्या दोन टोकांचा जोड दोन्हींचा पक्का. पंढरीचं रबराचं वायसर थोडं कडक वाटलं, ते नागोरावनं सगळ्यांदेखत सांगितलं आणि बदलायला लावलं. राहिलं झाकण. झाकण सुटलं की संपलं, कागद तेलाच्या धारेबरोबर ओढला जातो, तेलाची वाट बंद होते आणि इंजिन जागच्या जागी जाम. नागोरावनं दोघांचे तुकडे पत्र्याच्या डब्यात तेल घालून स्टोव्हवर उकळत ठेवले आणि पक्कडीनं झाकणं ओढून बघितली. कंपनीचं झाकण किंचित हललं. पंढरीचं जाम हललं नाही.

त्या गरम तेलातून एक वास आला. ओळखीचा, घरातला वाटावा असा. नागोरावला तो वास आवडला आणि का आवडला याचा त्यानं विचार केला नाही. तिथंच फसला.

जिवल्या ड्रायव्हरच्या ट्रकात पंढरीचा एक फिल्टर महिनाभर चालवून बघितला, तो जसाच्या तसा बाहेर निघाला. मग नागोरावनं साहेबांना शब्द दिला, डोळे झाकून लावा म्हणून. पंढरीनं भर वर्कशॉपात त्याच्या पायाला हात लावला आणि नागोरावचे डोळे भरून आले. कुणी बघू नये म्हणून तो उगाच एका गाडीखाली शिरला.

मृग जवळ आला तशी हवा बदलली. समुद्राकडून दमट वारा सुटला, मीठ ओलं झालं, भिंतींना बुरशीचा वास यायला लागला. शनिवारी संध्याकाळी दिवा लावताना गोजराबाईनं आतून हाक मारली की पंढरी भावजींना निरोप धाडा, देव्हाऱ्याचं बूड सुटलं. नागोराव सुतळी घेऊन गेला. देव उचलून घेतले, खालची फळी धरली, तर ती हातात आली. सांध्यात सरस ओलसर होऊन तारेसारखा ताणला गेला होता. त्यानं बोट लावलं आणि सवयीनं वास घेतला.

तेलाच्या डब्यातून आलेला वास तो हाच.

गोजराबाई विचारत होती काय झालं. तो उठला, खुंटीवरच्या पिशवीतून नमुन्याचा एक फिल्टर काढला आणि चुलीपाशी गेला. भात शिजत होता. त्यानं झाकणी सरकवली आणि फिल्टर वाफेवर धरला. तेलात उकळूनही हललं नव्हतं तसलंच झाकण, गोजराबाई पीठ मळून हात धुईपर्यंत, बोटाच्या धक्क्यानं सरकलं. दुसऱ्या धक्क्याला घड्यांतून सुटून चुलीपुढं पडलं. पावसाळ्यात इंजिनाच्या तेलात पाणी उतरतंच. दमट हवेत रोज तापायचं, रोज निवायचं, तेलाला दुधासारखा रंग येतो, हे पोरसवदा क्लीनरलासुद्धा माहीत असतं. पण नागोरावनं तपासणी केली ती कोरड्या वैशाखात, कोरड्या तेलात. पंढरीनंही सरस वापरला तो कोरड्या मुलखातल्या बापाच्या भरवशावर. दोघंही तिथलेच.

"उद्या सकाळी माल भरायचा हाय," तो म्हणाला.

गोजराबाईनं पडलेलं झाकण उचलून त्याच्या हातात दिलं. ती म्हणाली, आजवर तुम्ही घरात गोड बोललात, मी चालवून घेतलं. आज गोड बोललात तर मात्र मी तुम्हाला जेवायला वाढणार नाही. त्या रात्री तसंही कुणी जेवलं नाही.

रविवारी सकाळी माल आणायला जिवल्याचाच ट्रक पालघरला निघाला होता. नागोराव त्याच्या शेजारी बसला. जिवल्या डोंगराकडच्या पाड्यातला, त्यांच्या पाड्यातला पहिला ड्रायव्हर. वाटभर बोलत होता. पावसात खाणीचा चढ कसा लोण्यासारखा होतो, गेल्या साली एक गाडी चढावर बंद पडली आणि भरल्या मालासकट मागं घसरत गेली, ड्रायव्हर उडी मारून वाचला पण पाय गेला. नागोराव पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होता. शेवटी जिवल्या हसून म्हणाला, "पन आमाला काय भ्या नाय. तुमी सांगितलाव, डोले झाकून लावा. आमी झाकले."

नागोरावला वाटलं गाडी थांबवावी आणि उतरून उलट्या दिशेनं चालत सुटावं. कुठं जाणार होता? शेड आली.

दारात आंब्याची डहाळी बांधली होती. खोकी एकावर एक रचून त्यांना हार घातला होता, गुलाल उधळला होता, नारळ फुटला होता. पंढरी नव्या सदऱ्यात. साखरबाईनं दादा आले म्हणून शिऱ्याची बशी पुढं आणली. तीन महिने घड्या घालून तिच्या बोटांची पेरं चिरली होती, त्यांना हळद लावलेली. नागोरावनं त्या पेरांकडं बघितलं आणि बशी हातात घेतली. एक घास शिरा त्यानं खाल्ला. जिवल्या आणि पंढरी पहिलं खोकं उचलून ट्रककडं निघाले. दुसरं गेलं. तिसऱ्याला पंढरीनं हात घातला तेव्हा नागोरावनं बशी खाली ठेवली आणि खोक्यावर पंजा टेकवला.

"हे भरू नको."

पंढरीला आधी थट्टा वाटली. मग नागोरावनं देव्हाऱ्याचं सांगितलं, भाताच्या वाफेचं सांगितलं, सुटलेलं झाकण पिशवीतून काढून दाखवलं. पंढरीचा चेहरा उतरत गेला आणि मग एकदम तापला. त्याला विश्वासच ठेवायचा नव्हता, आणि कुणी ठेवला असता? तो म्हणाला, तूच कापलेस, तूच उकळलेस, साऱ्या वर्कशॉपासमोर शब्द दिलास, आणि आज माल दारात असताना चुलीवरची कसली वाफ सांगतोस? इंजिन काय भाताचं पातेलं आहे? मग जे बोलू नये तेही बोलला. आपल्या हाताखालचा गडी मालक झालेला दादाला बघवेना, म्हणाला. साखरबाई मधे पडली, अहो असं काय बोलता, पण तिचाही आवाज कापत होता.

वर्कशॉपात याचा दहावा हिस्सा कुणी बोललं असतं तर नागोरावनं त्याला सोलून काढलं असतं. इथं तो मान खाली घालून उभा राहिला, पण खोक्यावरचा हात त्यानं काढला नाही.

"ठीक हाय," पंढरी म्हणाला. "माझ्या हातानं बघतो."

त्यानं रचलेल्या खोक्यातून एक फिल्टर काढला, त्याच्यावरचा गुलाल सदऱ्याला पुसला. चहाचं आधण चुलीवर होतंच. त्यात एक पळी तेल ओतून त्यानं फिल्टर उभा सोडला आणि चुलीपुढं उकिडवा बसला. साखरबाई त्याच्या मागं, पदर तोंडाशी धरून. जिवल्या दारात उभा, बोलायचा थांबलेला. पाण्याला उकळी फुटली, फिल्टर हलायला लागला. झाकण घट्ट होतं. पंढरीनं नागोरावकडं बघितलं, त्या बघण्यात आशा होती आणि रागही होता. खरं सांगायचं तर नागोरावसुद्धा त्या क्षणी मनातल्या मनात विनवत होता की आपण खोटे पडू दे, हा आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल, पण झाकण राहू दे.

मग पाण्यावर पिवळट फेस आला. झाकणाखालून एक घडी बाहेर डोकावली, तिच्यामागून दुसरी. झाकण तिरकं झालं, सुटलं आणि आधणात गोल गोल फिरत राहिलं. साखरबाईच्या सारख्या घातलेल्या घड्या पाण्यात उलगडल्या.

साखरबाई खाली बसली आणि आवाज न करता रडायला लागली. पंढरीनं चुलीतली लाकडं मागं ओढली. तो नागोरावकडं वळला तेव्हा त्याच्या तोंडावर राग उरला नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दादा, देव्हारा किती साल सुटतोय?"

"हे चौथं साल," नागोराव म्हणाला.

"दर साली मी इचारलं, माझं काय चुकलं का. दर साली तू म्हणालास लाकूड फुगतंय. तुला ठावं होतं का न्हाई, सरस धरत न्हाई म्हणून?"

"ठावं होतं," नागोराव म्हणाला. "तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

"परक्याचा ढिला बोल्ट तू सोडत न्हाईस. मलाच कामून सोडलंस?" पंढरीचा आवाज तिथं फुटला. "एकदा बोलला असतास तर मी ह्यात सरस घातला असता का रे?"

नागोराव ट्रकवर चढला आणि भरलेली दोन खोकी त्यानं स्वतःच्या खांद्यावरून परत शेडमध्ये आणून ठेवली. कुणी त्याला हातभार लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सबनीस साहेबांपुढं उभं राहून सांगितलं की तपासणी माझी चुकली, माझा शब्द मागं घ्या. पंढरीबद्दल एक अक्षर बोलला नाही. साहेबांनी जुने नमद्याचे फिल्टर धुऊन घालायला सांगितलं. तो पावसाळा सगळ्या वर्कशॉपानं घासलेटात हात बुडवून, नागोरावला शिव्या घालत काढला. जिवल्याची गाडी चढावर चढत राहिली, उतरत राहिली.

पंढरीची शेड बंद झाली. दुसरा चिकटवायचा मसाला त्याला मिळेना, आणि मिळेपर्यंत थांबायला जवळ काही नव्हतं. तो साइटवर काँक्रीट ओतायच्या साच्यांच्या फळ्या ठोकायला लागला, साखरबाई वीटकामाला. दोन्ही घरांचं येणं-जाणं थांबलं. नागोरावला तो कधी लांबून दिसायचा, खांद्यावर फळी घेऊन जाताना, आणि नागोराव तिथंच थबकायचा. गोजराबाईनं देव एका पाटावर मांडून ठेवले होते. देव्हाऱ्याच्या फळ्या कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या दुसऱ्या कुणा सुताराकडं द्याव्यात हे दोघांच्याही मनात आलं नाही.

दसरा गेला. दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी नागोराव अंघोळ करून बाहेर आला तर ओट्यावर पंढरी बसलेला, पुढ्यात हत्यारांची पिशवी. कुणी बोलावलं नव्हतं. तो आत आला, फळ्या घेतल्या, गरम पाण्यानं जुना सरस खरवडून काढला आणि कामाला बसला. या वेळी त्यानं सरसाचं भांडं आणलंच नव्हतं. प्रत्येक फळीला खाचा पाडल्या, एकीची जीभ दुसरीत बसवली आणि आरपार लाकडी खुंट्या ठोकल्या. दिवसभर बसला. गोजराबाईनं चहा ठेवला, तो प्यायला, पण कुणाकडं बघितलं नाही.

उन्हं कलली तेव्हा देव्हारा उभा राहिला. पंढरीनं तो हलवून बघितला, त्याची छोटी दारं उघडली, मिटली आणि बाजूला सरला.

"बघ," तो म्हणाला. "कसा झालाय?"

गोजराबाई आतल्या दारात येऊन थांबली. नागोराव गुडघे टेकून बसला. खालून हात फिरवला, एकेक सांधा नखानं चाचपला, खुंट्यांवर अंगठा दाबला. दारं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"सांधे पक्के हायत," तो म्हणाला. आणि मग घसा खाकरून म्हणाला, "डावं दार खाली घासतंय."

पंढरीनं वाकून बघितलं. घासत होतं. त्यानं पिशवीतून रंधा काढला, दार उतरवून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "वैनी, आज जेवूनच जाईन."